कोयनेच्या आभाळाला कान हवेत

ड्रोनचं युद्ध म्हणजे पंजाबचं, जम्मूचं, फार तर कच्छचं दुखणं, अशी समजूत आमच्या सातारा-सांगली भागात घट्ट बसलेली आहे. मे २०२५ मध्ये टीव्हीवर जम्मूच्या आभाळातले ते लाल ठिपके आपण सगळ्यांनी पाहिले. घरोघरच्या पोरांच्या काळजीनं जीव टांगणीला लागला, सैन्याचा अभिमान वाटला, आणि गोळीबार थांबल्यावर आपण खरिपाच्या तयारीला लागलो. आपल्या डोक्यावरच्या आभाळाचा विचार त्यात कुठंच नव्हता. माझं म्हणणं असं, की हा विचार आता जिल्ह्यानं करायला हवा, अगदी ग्रामपंचायतीपर्यंत. ड्रोनविरोधी संरक्षणाचा पहिला थर गावात उभा राहतो. तो नसेल तर वरचे महागडे थर वेळेत जागे होत नाहीत.

सीमा लांब आहे, हा आपला पहिला आधार. तो १ जून २०२५ ला रशियात कोसळला. युक्रेननं ११७ लहान ड्रोन लाकडी खोल्यांच्या छपरांखाली लपवले, त्या खोल्या मालट्रकवर चढवल्या आणि रशियाच्या पार आत नेल्या. हवाई तळांजवळ ट्रक उभे राहिले, छपरं दुरूनच उघडली गेली, ड्रोन उडाले आणि लांब पल्ल्याची बॉम्बफेकी विमानं जागच्या जागी जळाली. त्यातला सायबेरियातला बेलाया तळ युक्रेनपासून चार हजार किलोमीटरहून जास्त लांब आहे. साताऱ्यापासून कच्छच्या सीमेवरचं सर क्रीक सरळ रेषेत नऊशे किलोमीटरच्या आसपास येतं. पुणे-बंगळूर महामार्गावरून साताऱ्याला वळसा घालून रात्रंदिवस जे कंटेनर जातात, त्यांच्या पोटात काय आहे हे टोलनाक्यावरच्या कुणालाही माहीत नसतं.

समुद्राचंही तेच. कोयनानगरहून अरबी समुद्र सरळ रेषेत साठेक किलोमीटरवर आहे. कुंभार्ली घाटाच्या वळणांमुळं आपल्याला तो लांब वाटतो इतकंच. डिसेंबर २०२३ मध्ये ‘केम प्लुटो’ नावाच्या मालवाहू जहाजावर याच समुद्रात, पोरबंदरपासून दोनशेहून थोड्या जास्त सागरी मैलांवर ड्रोन आदळला. जहाज नंतर मुंबईला आणलं. २६ नोव्हेंबरचे हल्लेखोर कुठल्या वाटेनं आले ते महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको.

आता पैशाचा हिशेब, कारण सगळी लढाई शेवटी तिथं येऊन ठेपते. इराणी बनावटीचा शाहेद-१३६ हा ड्रोन साधारण ५० किलो स्फोटकं घेऊन ताशी १८० किलोमीटरच्या वेगानं दीड-दोन हजार किलोमीटर जातो. त्याच्या किमतीचे अंदाज २० हजार ते ५० हजार डॉलर असे आहेत. मधला आकडा धरला तर तीस लाख रुपये, म्हणजे एका बऱ्यापैकी मोटारीची किंमत. तो पाडायला अमेरिकेचं पेट्रियट क्षेपणास्त्र वापरलं तर त्या एकाच क्षेपणास्त्राला चाळीस लाख डॉलर, म्हणजे तेहतीस-चौतीस कोटी रुपये लागतात. नेम शंभर टक्के लागला तरी पाडणारा कंगाल होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये रशियानं एकाच रात्री आठशेहून अधिक ड्रोन युक्रेनवर सोडले. अशा रात्रीला क्षेपणास्त्रांनी उत्तर द्यायचं म्हटलं तर जगातल्या कुठल्याही देशाची तिजोरी आठवडाभरही पुरणार नाही. सौदी अरेबियाकडे पैसा होता, पेट्रियटही होती. तरी १४ सप्टेंबर २०१९ ला अबकैक आणि खुरैस इथल्या तेलकेंद्रांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं येऊन आदळली आणि देशाचं जवळजवळ निम्मं तेल उत्पादन काही काळ बंद पडलं.

म्हणून युक्रेननं स्वस्तातली उत्तरं शोधली. पिकअप गाडीवर मशीनगन आणि सर्चलाइट बसवलेली फिरती पथकं, दोन-तीन लाख रुपयांत तयार होणारे आणि शत्रूच्या ड्रोनवर जाऊन आदळणारे छोटे ड्रोन, रस्त्यांवर ताणलेली मासेमारीची जाळी. भारतानंही मे २०२५ मध्ये हेच दाखवून दिलं. ८ मेच्या रात्री पाकिस्ताननं लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी तीनशे-चारशे ड्रोन सोडले. ते पाडण्यात एस-४०० आणि ‘आकाश’ या क्षेपणास्त्र यंत्रणांबरोबर एल-७०, झेडयू-२३ आणि शिल्का या जुन्या तोफांचा मोठा वाटा होता. एल-७० ही मूळची स्वीडनची ४० मिलिमीटरची तोफ, १९६० च्या दशकापासून आपल्याकडे आहे. तिला नवी रडारं आणि कॅमेरे जोडले, ‘आकाशतीर’ या संगणकीय जाळ्यातून नेमकी माहिती मिळाली, आणि तिनं काम केलं.

कोरेगाव तालुक्यातले एक निवृत्त हवालदार माझ्या ओळखीचे आहेत. उमेदीची वर्षं त्यांनी याच तोफेवर काढली. मे महिन्यात गावातली तरणी पोरं त्यांच्या ओट्यावर जमायची आणि ‘अण्णा, आता तोफांचं काय राहिलंय, सगळं मिसाइलवर आहे’ असं म्हणायची. अण्णांचं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. ‘‘तोफ म्हातारी असली तरी मारती. पण कुठं बघायचं ते आधी कुणीतरी सांगाय पाहिजे. आभाळ लै मोठं असतंय.’’

सगळी मेख त्या ‘आधी कुणीतरी सांगाय पाहिजे’ मध्ये आहे. ड्रोन पाडण्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, तो वेळेत सापडणं अवघड आहे. रडार सरळ रेषेत पाहतं. जमिनीलगत पन्नास मीटरवरून येणारी वस्तू सपाट मुलखातही तीस-चाळीस किलोमीटरच्या पलीकडं दिसत नाही, कारण पृथ्वीचा गोलावाच आड येतो. ताशी १८० किलोमीटर म्हणजे मिनिटाला तीन किलोमीटर, म्हणजे हातात दहा-बारा मिनिटं. हे सपाटीवर. सह्याद्रीत तेवढीही मिळणार नाहीत. पाटणच्या वरच्या अंगाला उभं राहून पाहिलं तर डोंगराच्या एका धारेमागं दुसरी, दुसरीमागं तिसरी. प्रत्येक धारेच्या पाठीमागं रडारला आंधळी असलेली एक घळ. कोयना आणि कांदाटीच्या खोऱ्यांत तर मोबाइलची रेंजही डोंगराआड तुटते, तिथं रडारचं काय घेऊन बसलात? प्रत्येक घळीत एक रडार बसवणं कुणालाच परवडणार नाही. शिवाय रडार चालू केलं की त्याच्या लहरींवरून ते कुठं आहे हे शत्रूला कळतं. ८ मेच्या रात्रीचे ड्रोन आपली हवाई संरक्षण यंत्रणा चाचपण्यासाठी आणि टेहळणीसाठी सोडले असावेत, असं सैन्यानंच दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं.

यावर युक्रेनचा जो उपाय मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो तो आहे कानांचा. त्यांनी देशभर खांबांवर सुमारे दहा हजार मायक्रोफोन बसवले. प्रत्येकाची किंमत चारशे-पाचशे डॉलर, म्हणजे चाळीस हजार रुपयांच्या घरात. शाहेदचं इंजिन मोपेडसारखं घरघरतं. तो आवाज एका खांबानं ऐकला, मग दुसऱ्यानं, तिसऱ्यानं, की संगणक त्याची दिशा आणि वेग काढतो आणि वाटेवरच्या फिरत्या पथकाच्या टॅबलेटवर पाठवतो. अमेरिकी हवाई दलाचे युरोपातले तेव्हाचे प्रमुख जनरल हेकर यांनी २०२४ मध्ये सांगितलं होतं, की या माहितीवर अशा पथकांनी एका हल्ल्यातल्या ८४ पैकी ८० ड्रोन पाडले. हे सगळं जाळं मिळून किंमत भरते चाळीसेक कोटी रुपये, एका पेट्रियट क्षेपणास्त्रापेक्षा थोडी जास्त. आणि मायक्रोफोन काहीच लहरी सोडत नाही. तो नुसता ऐकतो.

सातारा जिल्ह्यात दीड हजाराच्या आसपास ग्रामपंचायती आहेत. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीवर किंवा शाळेच्या छपरावर चाळीस हजारांचा एक कान बसवायचा म्हटला तर सहा कोटी रुपये लागतात. हिशेब ढोबळ आहे. सौर पॅनेल, जोडणी, देखभाल धरली तर तो दुप्पट होईल, तिप्पट धरा. तरीही तो एका घाटरस्त्याच्या रुंदीकरणापेक्षा कमीच राहील.

या कानांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. वाळवा तालुक्यात उसावर फवारणी करणारा ड्रोन बांधावर उभं राहून पाहिला आहे का? दहा लिटरची टाकी, सहा पंखे, पिकअपमध्ये जनरेटर आणि बॅटऱ्यांचा ढीग. एक एकर सात-आठ मिनिटांत होतो आणि तो खाली उतरला की बॅटरी बदलायला पोरगा पळत सुटतो. बांधावर त्याचा आवाज कानठळ्या बसवतो, पानं आडवी होतात, औषधाचा वास अंगावर येतो. पण तोच ड्रोन दोन रानं पलीकडं, पुरुषभर उसाच्या मागं गेला की वाऱ्यात त्याचा आवाज विरून जातो. विजेवर चालणारा लहान ड्रोन दूरवरून ऐकू येत नाही. ट्रकमधून निघणारे असतात ते हेच. त्यांच्यासाठी धरण, वीज उपकेंद्र, इंधनाचे डेपो अशा मोजक्या जागांभोवती कॅमेरे आणि रेडिओ लहरी हुडकणारी यंत्रं लागतील. डीआरडीओची ‘डी-फोर’ यंत्रणा त्यासाठीच आहे. ती ड्रोन हुडकते, त्याचा संपर्क तोडते, जवळ आला तर लेसरनं जाळते. पण आता केसासारख्या काचतंतूची दोरी मागं सोडत जाणारे ड्रोन आले आहेत. त्यांना संपर्क तोडून काही होत नाही, कारण रेडिओ संपर्कच नसतो. लेसरचंही पाहा. एप्रिल २०२५ मध्ये कर्नूलला ३० किलोवॉटच्या लेसरची चाचणी झाली, उत्तम झाली, अभिमानाची गोष्ट आहे. पण नवजा-महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पावसाळ्यात दहा फुटांवरचा माणूस दिसत नाही. धुक्यात आणि पावसात लेसरची धार बोथट होते. कर्नूलच्या कोरड्या हवेत जे जमलं ते कोयनेच्या खोऱ्यात जुलैमध्ये तसंच जमेल असं गृहीत धरता येणार नाही. एकच हत्यार सगळीकडे चालेल हा विचारच इथं धोक्याचा आहे.

कोयनेचं नाव घेतलं की लोक पहिल्यांदा धरण फुटण्याचं विचारतात. त्याचं उत्तर स्वच्छ द्यायला हवं. १०३ मीटर उंचीची ती काँक्रीटची भिंत ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपातून उभी राहिली आहे. पन्नास किलो स्फोटकांनी ती पडणार नाही. धोका दोन प्रकारचा आहे. एक विजेचा. कोयनेच्या टप्प्यांची मिळून क्षमता १,९६० मेगावॉट आहे, आणि रशियानं युक्रेनमध्ये धरणाच्या भिंतींहून ट्रान्सफॉर्मरवरच जास्त नेम धरला. युक्रेननं त्यांच्याभोवती जाळीत बांधलेल्या दगडांच्या भिंती उभ्या केल्या, महत्त्वाच्या जागी वरून काँक्रीट घातलं. जाळीतले दगड आपण घाटात दरड थांबवायला वर्षानुवर्षं वापरतो. ते भरणारे गवंडी पाटण-जावळीत आहेत, दगड तर पायाखालीच आहे. म्हणजे संरक्षणाचा हा भाग सैन्याची वाट न पाहता वीज आणि जलसंपदा खात्यांना करता येतो. अजून तो का होत नाही, हे त्यांना विचारायला हवं.

दुसरा धोका अफवेचा. पुराच्या दिवसांत विसर्गाचा एक खोटा आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला तर सांगलीत काय होतं ते २०१९ चा महापूर पाहिलेल्यांना माहीत आहे. ‘कोयनेवर ड्रोन पडला’ एवढे तीन शब्द रात्री दोन वाजता सुटले तर कराडपासून सांगली-मिरजेपर्यंत कृष्णाकाठ रस्त्यावर येईल, आणि भिंतीला ओरखडाही न उठता माणसं चेंगरून मरतील. २०२४ मध्ये मराठवाड्यात आणि पुणे-नगरच्या काही गावांत रात्री ड्रोन घिरट्या घालतात, चोर घरं हेरतात, अशा बोलवा उठल्या होत्या. गावंच्या गावं काठ्या घेऊन रात्रभर जागली. कुणाला कळवायचं हे माहीत नव्हतं, आणि कळवलं तर उत्तर कुणाकडेच नव्हतं.

म्हणून कानांबरोबर तोंडही हवं. ग्राम सुरक्षा यंत्रणा आपल्याकडे आहेच. एका फोनवर सगळ्या गावाचे फोन वाजतात, चोर, बिबट्या, आग, पूर सगळ्यांसाठी ती वापरली जाते. तीच उलट्या दिशेनंही चालली पाहिजे. गावातल्या माणसानं आभाळात काही पाहिलं तर ते जिल्हा नियंत्रण कक्षाकडे, तिथून हवाई दलाकडे आणि सैन्याकडे मिनिटभरात गेलं पाहिजे. युक्रेननं ऑक्टोबर २०२२ मध्ये यासाठी एक मोबाइल अ‍ॅप काढलं. फोन त्या दिशेला धरायचा आणि एक बटण दाबायचं. आपल्याकडे उलट झालं. मे महिन्यात लोकांनी तोफांच्या माऱ्याचे व्हिडिओ काढून टाकले, तोफ कुठं आहे ते शत्रूला घरबसल्या कळावं अशा बेतानं. लोकांना देशद्रोह करायचा नव्हता, त्यांना नेमकं काय करायचं हे कुणी शिकवलेलंच नव्हतं.

शिकवायला माणसं आहेत. अपशिंगे गावानं पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले, तेव्हापासून त्याच्या नावातच ‘मिलिटरी’ आलं. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात निघाली. खटाव, माण, कोरेगाव, जत, कवठेमहांकाळ, कुठल्याही तालुक्यात जा, पंचेचाळीशीला निवृत्त होऊन बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा असलेला सुभेदार भेटतो. सिग्नल्समध्ये, हवाई संरक्षणात, रडारवर आयुष्य घालवलेली ही माणसं आपण रखवालदारीवर लावली आहेत. त्यांच्यासोबत ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेतल्या बचत गटांच्या बाया घ्या. त्यांचं ड्रोन चालवण्याचं रीतसर प्रशिक्षण झालेलं असतं. शिवारात कुठला ड्रोन नेहमीचा आणि कुठला परका, हे त्यांच्याइतकं चांगलं कुणालाच ओळखता येणार नाही.

इथं द्राक्षबागायतदारांची एक रास्त भीती आहे. तासगाव-पलूसकडे कुणाशीही बोला, ते म्हणतात, सुरक्षेच्या नावाखाली आमचे फवारणीचे ड्रोन बंद करतील, प्रत्येक उड्डाणाला पोलीस ठाण्याचा दाखला मागतील. असं झालं तर मी शेतकऱ्यांच्या बाजूनं उभा राहीन. २०२१ च्या नियमांनी ड्रोनच्या नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उड्डाण मोकळं केलं, ते चांगलंच केलं. ज्या मुलखात हजारो हातांना ड्रोन माहीत आहे, दुरुस्त करता येतो, तोच मुलूख ड्रोनपासून स्वतःला वाचवू शकतो. युक्रेनचे सुरुवातीचे कितीतरी ड्रोन आणि ते उडवणारे लोक नागरी क्षेत्रातूनच आले होते. फवारणीला निघताना मोबाइलवर एक नोंद टाकायची आणि ती नियंत्रण कक्षाच्या नकाशावर दिसायची, एवढं पुरे. दाखल्याचा कागद कशाला?

काळजी करायची असेल तर त्या ड्रोनच्या पोटातल्या वस्तूंची करा. मोटर, बॅटरीचे सेल, उड्डाण नियंत्रक, बहुतेक माल चीनचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये सैन्यानं चिनी भाग सापडले म्हणून ४०० ड्रोनची, सुमारे २३० कोटींची खरेदी रद्द केली. एप्रिलमध्ये चीननं दुर्मिळ मूलद्रव्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर बंधनं घातली आणि मोटारी बनवणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. शत्रूचा ड्रोन पाडणारा ड्रोन हजारोंच्या संख्येनं लागणार असेल तर त्याची मोटर कुठं बांधली जाणार? मिरज-कुपवाडच्या रस्त्याला पाणबुडी मोटरची वायंडिंगची दुकानं ओळीनं आहेत. जळालेली मोटर खोलून, तांब्याची तार मोजून, एकेक वेढा हातानं भरून दुसऱ्या दिवशी ती विहिरीत सोडणारे कारागीर तिथं बसलेले असतात. पलीकडं किर्लोस्करवाडीत १९१० पासून यंत्रं आणि पुढं पंप बनवण्याची परंपरा आहे. ड्रोनची मोटर वेगळी असते, बारीक असते, तिला चुंबक लागतो आणि चुंबकाचा प्रश्न दिल्लीनंच सोडवायला हवा. पण वेढे भरणारा हात, ओतकाम, यंत्रकाम, तपासणी हे इथं आहे. नागपूरच्या ‘सोलर’ या स्फोटकं बनवणाऱ्या कंपनीनं ड्रोनच्या थव्यावर छोटी रॉकेटं डागणारं ‘भार्गवास्त्र’ तयार करून मे २०२५ मध्ये गोपाळपूरला त्याची चाचणी दिली. विदर्भाला जमतं ते आम्हाला का जमू नये?

१५ ऑगस्ट २०२५ ला पंतप्रधानांनी ‘सुदर्शन चक्र’ योजना जाहीर केली. २०३५ पर्यंत महत्त्वाच्या लष्करी आणि नागरी ठिकाणांना कवच द्यायचं ठरलं आहे. योजना हवीच. पण वरून येणारं कवच खालून तयारी नसेल तर कुठं बसणार? ७ मेला देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला तेव्हा महाराष्ट्रातल्या १६ ठिकाणांच्या यादीत मुंबई, तारापूर, पुणे, मनमाड, अगदी सिन्नरही होतं. सातारा नव्हता. सांगली नव्हती. ज्या कोयनेवर राज्याची संध्याकाळची वीज उभी आहे ती नागरी संरक्षणाच्या जुन्या यादीत नाही, म्हणून नव्या युद्धातही नाही.

सुरुवात एका तालुक्यापासून करा. पाटण घ्या. येत्या पावसाळ्याआधी जिल्हा नियोजन समितीच्या पैशातून शे-दीडशे खांब, नियंत्रण कक्षात तीन पाळ्यांत निवृत्त सिग्नलवाले, आणि एका जाहीर केलेल्या रात्री सैन्याच्या देखरेखीखाली इंजिनावरचे चार आणि विजेवरचे चार ड्रोन वेगवेगळ्या घळींतून सोडून पाहायचे. किती ऐकू आले, किती निसटले आणि नेमके कुठल्या घळीतून, ते त्याच रात्री कळेल. पुढचे खांब तिथं लावायचे.